ओहोटीला काढलेला नकाशा

प्रस्तावना

“वन्यजीव : उल्लेखनीय आढळ नाही.” हे चार शब्द मी एका पाहणी अहवालात लिहिले आहेत आणि त्यांखाली माझी सही आहे.

जागा खाडीकाठची होती. सकाळचे साडेअकरा झाले असतील. घोट्याइतके पाणी, मधे मधे उघडा पडलेला चिखल, दोन बगळे आणि बांधावर जाळे विणत बसलेले एक कोळीबाबा. मी फाइल उघडून रकाने भरत होतो. बाबांनी विचारले, “पाखरं मोजायला आलाव का, साहेब?” मी म्हटले, तेही एक काम आहे. त्यावर ते म्हणाले, “मग ओहोटीला कशाला आलात? आता ती जेवायला गेलीत. भरतीला या.” गाडी दोन वाजेपर्यंत कचेरीत परत द्यायची होती. आम्ही भरतीला गेलो नाही. काही महिन्यांनी, पौर्णिमेच्या उधाणाला, मी स्वतःच्या खर्चाने रिक्षा करून तिथे गेलो. त्याच पाण्यात पाय ठेवायला जागा नव्हती, इतके पक्षी उभे होते. तोवर अहवाल वरच्या मजल्यावर पोचला होता.

म्हणून या पुस्तकाची प्रस्तावना लिहिण्याचे आमंत्रण आले तेव्हा मला ते थोडे शिक्षेसारखे आणि थोडे सुटकेसारखे वाटले. शहर मोठे करायचे ठरले की त्या भूमीवर आधीपासून कोण राहते, त्याला जगायला काय लागते आणि म्हणून आपल्या आखणीवर कोणती बंधने येतात, हे तपासण्याचे एक शास्त्र आहे. मराठीत त्यावर सलग लिहिलेले फार थोडे सापडते.

‘बंधन’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण आमच्या नगररचनेच्या धंद्यात तो बदनाम नाही. मृदापरीक्षण करणारा अभियंता सांगतो की इथे काळा खडक वीस मीटर खाली आहे, पाया खोल जाईल. कुणी त्याला विकासविरोधी म्हणत नाही. उच्चदाब वाहिनीखाली इमारत येणार नाही म्हटले तर बिल्डर निमूटपणे नकाशा सरकवतो. पूररेषा आवडत नाही, पण ती असते हे सगळ्यांना मान्य असते. मात्र एखादी पक्षीतज्ज्ञ ‘हे तळे भरू नका’ म्हणाली की ती भावनाप्रधान ठरते. दोघांचेही म्हणणे एकाच जातीचे आहे: भूमीचा एक गुणधर्म आहे, तो लक्षात न घेता बांधलेत तर काहीतरी मोडेल. फरक इतकाच की पाया खचला तर आपले मोडते आणि तळे भरले तर दुसऱ्याचे.

नव्या मुंबईकडे पाहू. उदाहरण घरचे आहे आणि त्यात या विषयाचे जवळजवळ सगळे प्रश्न येऊन जातात. 1965 मध्ये चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून कल्पना मांडली: उत्तरेकडे लांबत चाललेल्या मुंबईला खाडीपलीकडे पूर्वेला जोडशहर द्यावे. 1970 मध्ये त्यासाठी सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले. 344 चौरस किलोमीटर, 95 गावे, आणि जमीन सलग संपादित करून मगच आखणी. जगातल्या मोठ्या नियोजित शहरांत तिची गणना होते आणि ते योग्यच आहे. त्या आराखड्यात लोकलची स्थानके, नोड, पाण्याची सोय यांचा विचार त्या काळाच्या मानाने खोल होता.

जमीन मात्र कशी होती? बराच भाग खाजणाचा. खारे पाणी अडवायला आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध, त्यांतल्या पाणी सोडण्याच्या उघाड्या, आत खारभाताची शेती, बाहेर मिठागरे, त्यापुढे तिवर-चिप्पीचे कांदळवन आणि शेवटी ओहोटीला उघडा पडणारा चिखल. यातला मोठा भाग भरतीच्या पातळीखाली होता. म्हणून सिडकोने भराव टाकला आणि धारण तलाव ठेवले. भरती असताना खाडीत पाणी सोडता येत नाही. तेवढा वेळ पावसाचे पाणी या तलावांत थांबावे आणि ओहोटी लागली की झडपा उघडून निघून जावे. बांध आणि उघाडीचे जुने तंत्रच मोठ्या मापाने पुन्हा वापरले गेले, असे म्हणता येईल. पुढे तलावांत गाळ साठला, गाळावर खारफुटी उगवली, खारफुटीला न्यायालयाचे संरक्षण मिळाले आणि आज तलाव उपसायचा की झाडे राखायची, हा वाद दर पावसाळ्याआधी नव्याने पेटतो. शहराचे गटार म्हणून काढलेली जागा कुणाचे तरी घर झाली. अशा जागेसाठी नियोजनाच्या पुस्तकात रंगच नाही. निवासी पिवळा, व्यापारी निळा, उद्यान हिरवे. भरतीला तळे आणि ओहोटीला चिखल असणाऱ्या जागेला कोणता?

आता रोहित पक्षी. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शिवडीच्या चिखलावर लहान रोहितांचे थवे दिसू लागले आणि वाढत गेले. अलीकडच्या मोजणीत ठाणे खाडीतली त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. ते कच्छ-गुजरातकडून येतात, साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याअखेरपर्यंत राहतात. ते इथे का रमले, याचे सगळ्यात पटणारे उत्तर जरा संकोचाचे आहे: महानगराच्या सांडपाण्याने खाडीत पोषकद्रव्ये वाढली, त्यावर सूक्ष्म शेवाळ माजले आणि लहान रोहितांना पंगत मिळाली. ज्या गुलाबी थव्यांचे फोटो आपण ऊर भरून पाठवतो, त्यांत आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे. निसर्ग आणि शहर यांची रेघ मारून वाटणी करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

2015 मध्ये खाडीचा 1,690 हेक्टर भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून जाहीर झाला. 2022 मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेला. हे मोठे यश आहे. पण अभयारण्य मुख्यतः ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधले आहे, आणि पक्ष्याचा दिवस पुलांप्रमाणे विभागलेला नसतो. ओहोटीला तो उघड्या चिखलावर खातो. भरती आली की चिखल बुडतो. मग पाणी उथळ राहते अशा शांत जागी त्याला पाच-सहा तास उभे राहावे लागते. सीवूड्स-नेरूळकडची एनआरआय आणि टी. एस. चाणक्य परिसरातली तळी, डीपीएस तलाव, उरणकडची पाणजे-बेलपाडा ही पाणथळे अशा भरतीच्या जागा आहेत. त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतात. जेवणघराला कायद्याचे कुलूप मिळाले आणि झोपायच्या खोलीवर गोल्फ कोर्सचा आराखडा आला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आराखडा रद्द केला; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात खाडीचे पाणी येईनासे झाले, शेवाळाचा थर साचला, परिसरात काही रोहित मेलेले सापडले. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून 39 रोहित मेले. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राची मान्यता दिली. वाचकांनी क्रम पाहावा: आधी आराखडा, मग न्यायालय, मग मृत्यू, मग मान्यता. पाहणी या यादीत पहिली हवी होती.

विमानतळाची कथा याला लागूनच आहे. 2010 मध्ये नवी मुंबई विमानतळाला पर्यावरणीय परवानगी मिळाली. 1,160 हेक्टरची जागा, उलवे टेकडी सपाट करणे, उलवे नदीचा प्रवाह वळवणे, खारफुटी हटवून दुसरीकडे लावणे, अशी ती परवानगी अटींनी भरलेली होती. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. आता काही जण म्हणतात की आसपासची पाणथळे बुजवली तर पक्षी विमानांच्या वाटेत येणार नाहीत. पक्षी अभ्यासकांचे म्हणणे नेमके उलट आहे. ठरलेल्या जागा बुजवल्या तर पक्षी नव्या उथळ पाण्याच्या शोधात विखुरतील, आणि धावपट्टीभोवती पावसाळ्यात उथळ पाण्याला तोटा नाही. त्यांच्या नेहमीच्या वाटा आपल्याला माहीत असणे हीच सुरक्षितता. मला हा युक्तिवाद पटतो. तो ऐकायची योग्य वेळ मात्र 2010 च्या आधीची होती.

नवी मुंबईवर एवढे रेंगाळलो, आता या शास्त्राचा वंश थोडक्यात. ‘आधी पाहणी, मग आखणी’ हे सूत्र ज्याच्या नावाशी जोडले जाते तो पॅट्रिक गेडिस आपल्याकडेच राहिलेला माणूस. 1914 च्या सुमारास तो भारतात आला, अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभागप्रमुख होता. पेशाने मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. शहर त्याला दरीखोऱ्यासकट दिसायचे. आम्ही त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ केले.

1969 मध्ये इअन मॅक्हार्गने ‘डिझाइन विथ नेचर’ लिहिले. त्याची युक्ती साधी होती. उतार, माती, पूर, झाडोरा, वन्यजीव अशा एकेका गोष्टीचा पारदर्शक कागदावर नकाशा काढायचा. जिथे जपण्यासारखे अधिक तिथे गडद छटा. सगळे कागद एकमेकांवर ठेवले की जिथे उजेड आरपार येतो तिथून रस्ता न्यायचा. आजचे संगणकीय नकाशे याच कल्पनेचे नातू आहेत. माधव गाडगीळ समितीने 2011 मध्ये पश्चिम घाटाचे चौकोनांत भाग पाडून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरवल्या, त्यातही हीच रीत होती. या पंथाची ताकद म्हणजे तो भांडण सुरू होण्याआधीच बोलतो. त्याची उणीव अशी की कागद स्थिर असतो. मॅक्हार्गच्या कागदांत भरतीचा कागद आणि ओहोटीचा कागद वेगळा ठेवायला कुणी विसरले की माझा अहवाल तयार होतो.

दुसरा पंथ बेटांवरून आला. 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी दाखवले की बेट जितके लहान आणि मुख्यभूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर जाती कमी टिकतात. शहराने वेढलेले जंगल हेही बेटच. यातून लचका, पट्टा आणि आजूबाजूचा परिसर अशी भाषा घडली. रिचर्ड फोरमनने ती नियोजकांपर्यंत नेली. किती हिरवे उरले, यापेक्षा उरलेले एकमेकांना कुठे जोडले आहे हे विचारायला या पंथाने शिकवले. आपल्या आराखड्यांतली ‘33 टक्के हरित क्षेत्र’ छापाची वाक्ये या प्रश्नापुढे गप्प बसतात.

तिसरा पंथ म्हणतो, वेगळे राखायला जागाच उरली नाही तर सोबत राहायला शिका. मायकेल रोझेनझ्वाइगने 2003 मध्ये त्याला शास्त्राचे रूप दिले. आपल्याकडे त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण बिबट्याचे. जेमतेम 104 चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि आरेसारख्या कडांवर बिबटे माणसांच्या अगदी शेजारी राहतात. जुन्नर भागात उसातले बिबटे पकडून दूर सोडले गेले तेव्हा प्रश्न कमी होण्याऐवजी जिथे सोडले तिथे हल्ले वाढले, हे विद्या आत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. कचरा उचला, कुत्र्यांची संख्या आवरा, अंधारात मुलांना एकटे धाडू नका: अशा कामांनी जे साधले ते पिंजऱ्यांनी साधले नव्हते. पण या पंथाच्या नावाने सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. बिबट्या जुळवून घेतो. भरतीच्या जागेला पर्याय नसलेला पाणपक्षी जुळवून घेत नाही, तो येईनासा होतो. कोण जुळवून घेईल आणि कोण नाही, हे सांगणे हेच तर मूल्यमापकाचे काम.

कायद्यांचा प्रवास देशोदेशी वेगळा झाला. अमेरिकेत 1969 च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने मोठ्या कामाआधी परिणाम लिहून काढणे बंधनकारक झाले. 1982 मध्ये संकटग्रस्त जातींच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अधिवास संवर्धन आराखडे आले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो डोंगरावर घरे आणि एक निळे फुलपाखरू यांच्यात पहिली तडजोड झाली. इंग्लंडमध्ये लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स खोऱ्यातल्या झुडपी माळांवर रातवा, चंडोलाच्या कुळातला एक पक्षी आणि एक छोटा वटवट्या जमिनीवर किंवा जमिनीलगत घरटी करतात. त्या माळांपासून 400 मीटरच्या आत नवे घर सहसा बांधू देत नाहीत. कारण मोठे घरगुती आहे: माणूस आला की त्याचे मांजर येते. त्यापुढच्या काही किलोमीटरच्या पट्ट्यात बांधायचे असेल तर कुत्री फिरवायला वेगळी मोकळी जागा आधी तयार करून द्यावी लागते. मला हा नियम त्याच्या नेमकेपणासाठी आवडतो. ‘संवेदनशील क्षेत्र’ असे मोघम न म्हणता मांजर किती दूर जाते, हे त्यात विचारलेले आहे.

मेलबर्नची गोष्ट कटू आहे आणि आपल्याला सगळ्यात जवळची. 2010 मध्ये शहराची वाढरेषा सरकवताना तिथल्या सरकारने एकेका प्रकल्पाऐवजी संपूर्ण विस्ताराचे एकत्र मूल्यमापन केले. कल्पना उत्तम होती. पश्चिमेकडचे दुर्मीळ गवताळ माळ शहराखाली जाणार, त्याच्या बदल्यात विकासकांकडून शुल्क घेऊन 15,000 हेक्टरचे गवताळ राखीव क्षेत्र 2020 पर्यंत विकत घ्यायचे ठरले. 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी हिशेब मांडला तेव्हा दहा टक्क्यांच्या आसपासच जमीन ताब्यात आली होती. शहर जवळ येत गेले तसा जमिनीचा भाव चढत गेला, आणि न घेतलेल्या माळांवर तण माजले. नुकसान आगाऊ आणि भरपाई हप्त्याने, असा तो व्यवहार झाला.

आपली स्थिती याहून विचित्र आहे. 1994 ची आणि नंतर 2006 ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना प्रकल्पाला लागते; 20,000 चौरस मीटरच्या वर बांधकाम गेले की परवानगी घ्या. पण ज्या आराखड्यातून असे शेकडो प्रकल्प जन्मतात त्या विकास आराखड्याला स्वतःला असे मूल्यांकन लागत नाही. तो 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतो. किनारा नियमन क्षेत्राचे नियम 1991, 2011 आणि 2019 असे तीनदा लिहिले गेले. पाणथळांचे नियम 2010 मध्ये आले आणि 2017 मध्ये बदलले. खारफुटीच्या बाबतीत खरा आधार न्यायालयाचा मिळाला: 2005 चा अंतरिम आदेश आणि 2018 चा निकाल, ज्यात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग मानला गेला. प्रत्येक कायदा आपापल्या वस्तूकडे पाहतो. झाड, किनारा, जंगल, पाणथळ असे तुकडे होतात आणि त्यांच्या मधली ये-जा कुणाच्याच टेबलावर येत नाही.

आणि हंगामाचे काय? मूल्यांकनासाठीची मूळ माहिती बहुधा ‘पावसाळा सोडून एका हंगामाची’ मागितली जाते. हवेतली धूळ मोजायला ते ठीक असेल. पण महाराष्ट्रात पावसाळा सोडून बेडूक शोधायला जाणे म्हणजे दिवाळीत पालखी पाहायला जाण्यासारखे आहे. कातळसड्यांवरची तात्पुरती डबकी, त्यांतले जीव, सड्यावरची फुले, हे सगळे जून ते सप्टेंबरचे संसार. एप्रिलमध्ये तिथे काळा दगड दिसतो आणि अहवालात ‘ओसाड’ असा शब्द पडतो.

शब्दांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आराखडा करण्याआधी कायद्याने विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. माझ्या मते सगळा खेळ तिथे ठरतो. त्या नकाशाच्या सूचीत शेती, वस्ती, वन, जलाशय असतात आणि उरलेले ‘पडीक’ किंवा ‘रिकामे’ होते. आपल्या भाषेत मात्र त्या उरलेल्याला डझनभर नावे आहेत: खाजण, मिठागर, माळ, गायरान, सडा, राई, देवराई, आखर, पाणंद. प्रत्येक नावात त्या जमिनीचा वापर, ओल आणि रहिवासी दडलेला आहे. मारुती चितमपल्लींनी जंगलात हिंडून लोकांच्या तोंडचे शब्द गोळा केले, ‘काकागार’सारखे शब्द मराठीत रुजवले, त्यांच्या कामाकडे आपण ललित लेखन म्हणून पाहिले. नगररचनाकारांनी ते तांत्रिक साहित्य म्हणून वाचायला हवे होते. पुण्याभोवतीच्या माळांवर लांडगे आणि तरस राहतात, आणि ते माळ कागदावर पडीक आहेत. झाडे लावून ‘हिरवा’ केलेला माळही लांडग्याच्या हातून जातो. खाडीतही हेच: भरपाई म्हणून उघड्या चिखलावर खारफुटी लावली की फोटोत हिरवळ वाढते आणि रोहितांचे ताट लहान होते. हिरवा रंग बघून खूश होणाऱ्या माझ्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो.

पुण्याने एक प्रयत्न करून पाहिला. 1997 मध्ये महापालिकेत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण टाकायचे ठरले. त्याला अंतिम मान्यता मिळायला 2015 उजाडले. अठरा वर्षांत टेकड्यांच्या उतारांवर काय काय उभे राहिले ते कोथरूड-बावधनकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. तरीही तो प्रयत्न मोलाचा आहे, कारण तिथे मूल्यमापन आराखड्याच्या आत शिरले होते. वाद उरला तो मोबदल्याचा, आणि ज्याची जमीन आरक्षणात गेली त्याचा राग खोटा नाही. बंधनाचा खर्च एकट्या शेतकऱ्याने सोसायचा आणि टेकडीवरचा वारा सगळ्या शहराने खायचा, ही वाटणी टिकत नाही. नव्या मुंबईतल्या भूमिपुत्रांना हे कुणी शिकवायला नको. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठीच 1984 मध्ये जासईत झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच माणसे गेली. खाजणाची भाषा ज्यांना येत होती त्यांनाही आराखड्याने अडथळाच मानले होते.

हे पुस्तक आत्ताच का हवे, याचे उत्तर नकाशातच आहे. जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीचा चिखल ओलांडून माणूस वीस-पंचवीस मिनिटांत उरणच्या बाजूला उतरू लागला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या सुमारे 323 चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) नेमणूक झाली. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. सिडकोच्या क्षेत्राएवढेच हे क्षेत्र आहे, जमिनीही त्याच जातीच्या: खाजणे, मिठागरे, भातशेती, कर्नाळ्याकडे चढणारे जंगल. म्हणजे 1970 ची परीक्षा पुन्हा आली आहे, आणि या वेळी प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली आहे. 1970 मध्ये माहीत नव्हते ही सबब त्या पिढीला शोभते, आपल्याला नाही.

पुस्तकात वेगवेगळ्या धंद्यांतली माणसे लिहिती झाली आहेत: पक्षी आणि उभयचरांचे अभ्यासक, नगररचनाकार, वकील, जलनिःसारणाचे अभियंते, मासेमारी करणारे. त्यांचे एकमेकांशी पटत नाही. अभियंत्याला तलाव उपसायचा आहे, पक्षी अभ्यासकाला नको आहे. वकिलाचा न्यायालयावर विश्वास आहे, मच्छीमाराचा नाही. संपादकांनी ही भांडणे मिटवली नाहीत, याबद्दल त्यांचे आभार. पद्धतीचा भाग मात्र सगळ्यांना समान आहे: जागा कोणत्या वेळी पाहायची, किती वेळा, कुणाला सोबत घेऊन, काय नोंदवायचे, ‘आढळले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ यांत फरक कसा ठेवायचा. टाळणे, कमी करणे, पुन्हा उभारणे आणि अगदी शेवटी भरपाई, ही उतरंड पुस्तकभर पाळली आहे. माझी एक तक्रार आहे. निशाचर प्राणी आणि रस्त्यांवरचा उजेड यांवर आणखी पाने हवी होती. पुढच्या आवृत्तीत ती यावीत.

हे पुस्तक तज्ज्ञांसाठी नाही. त्यांच्यासाठी इंग्रजीत कपाटे भरलेली आहेत. ते नगरसेवकांसाठी, सरपंचांसाठी, नगररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्या खिडकीतून अजून एखादे तळे दिसते त्यांच्यासाठी आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मुदत थोडी असते, आणि बहुतेक हरकती ‘निसर्ग वाचवा’ अशा एका ओळीच्या असतात. सुनावणीत त्या मिनिटभरात निकाली निघतात. मी निकाली काढल्या आहेत. ज्या हरकतीत सर्वे नंबर, तारीख, वेळ आणि पाहिलेल्या जातींची नोंद असते ती तशी उडवता येत नाही, तिच्यावर कारण लिहावे लागते. तेव्हा या वर्षी आपल्या गावातल्या पाण्याकडे जा, एकदा ओहोटीला आणि एकदा उधाणाच्या भरतीला, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत. जे दिसेल ते वहीत लिहा, आणि हरकतीच्या अर्जाला त्या पानांची प्रत जोडा.